दाजींचा आडोसा

६ फेब्रुवारी, शुक्रवार
दाजींच्या सायकल टीममध्ये माझी निवड झाली. ताई म्हणते निवड वगैरे काही नाही, बेकरीवाल्याचा पाय मुरगळला आणि दुसरं कोणी मोकळं नव्हतं. मोकळं असणं हीसुद्धा पात्रताच आहे. ताईला माझं कौतुक पहिल्यापासून जड जातं.
प्रकरण असं: दोन दिवसांची राइड, भाचीच्या शाळेसाठी. ऐकू न येणाऱ्या मुलांची शाळा. बाईंनी गळ्यात माईक घालायचा आणि आवाज थेट मुलांच्या कानातल्या मशीनमध्ये, असा एक सेट असतो. एक कंपनी तो देणार, टीममागे एक. अट एकच. चौघांनी सायकलवरून, एकत्र, शेवटच्या ठिकाणचं गेट बंद व्हायच्या आत पोचायचं. तिघे पोचले तर हात हलवत परत. आमच्या टीमचा सेट भाचीच्या वर्गाला.
थोडक्यात, सगळी भिस्त माझ्यावर. उद्यापासून पहाटे प्रॅक्टिस.

१३ फेब्रुवारी
प्रॅक्टिस सुरू व्हायचीय, पण तयारी जोरात. सायकलला घंटी बसवली. दुकानात इतक्या प्रकारच्या घंट्या होत्या की वाजवून बघण्यातच दिवस गेला. दुकानदाराने शेवटी हात जोडले.
दाजी वायरमन आहेत. बोलणं कमी, पण बोलले की शॉक. म्हणाले, पाय कधी हलवणार? मी म्हटलं, ओव्हरट्रेनिंगने माणूस संपतो. म्हणाले, आधी सुरू तर हो.

२१ फेब्रुवारी, शनिवार. मुक्कामी
पहिला दिवस पार पडला. मी मुद्दाम शेवटी होतो. शेवटच्याला सगळी टीम नजरेत राहते. टीम म्हणजे दाजी, भाचीच्या वर्गाच्या बाई आणि एक कंपाउंडर. बाई पन्नाशीच्या. चढावर माझ्यासाठी थांबल्या असं त्या म्हणतात. दम लागला असणार, मी विषय वाढवला नाही. कंपाउंडर म्हणाला, याच्याऐवजी बेकरीवाल्याचा नुसता पाय आणला असता तरी चाललं असतं. त्याला विनोदाची आवड आहे.
उद्या वारा समोरून. दाजींनी पुन्हा पुन्हा बजावलं: वारा सुटला की आडोशाला राहायचं. स्वतःचं डोकं चालवायचं नाही, फक्त आडोशाला. म्हटलं, कळलं. त्यात न कळण्यासारखं काय? शेळ्यांनाही कळतं.

२२ फेब्रुवारी, रविवार, सकाळ
लिहायला थांबलोय. एरवी थांबलो नाही. फक्त एका ठिकाणी क्रेन विहिरीतून ट्रॅक्टर काढत होती, तेवढी पाहिली. पूर्ण वर येईपर्यंत पाहिली, अर्धवट सोडणं माझ्या स्वभावात नाही. दाजी मागे वळून शोधायला आले. तू हिचा भाऊ नसतास तर, एवढंच म्हणाले. वाक्य त्यांनी अर्धवट सोडलं. त्यांचा स्वभाव.

दुपार. वीटभट्टीच्या भिंतीमागे
वारा सुटला. काय वारा. दाजी पुढून ओरडले, आडोशाला ये, आडोशाला. शिस्त म्हणजे शिस्त. डाव्या हाताला ही भिंत दिसली, लगेच आत घुसलो. भिंत फर्स्टक्लास, वाऱ्याचा मागमूस नाही.
ते तिघे मात्र आलेच नाहीत. खाली मान घालून, एकमेकांच्या मागे चिकटून, भर वाऱ्यात निघून गेले. दुसऱ्याला सांगायचं आणि स्वतः पाळायचं नाही.
मग डोक्यात प्रकाश पडला. दाजींना वेगळ्या आडोशाला जायचं असणार. बाई सोबत, स्पष्ट कसं बोलणार? जाऊ दे, निवांत होऊ दे त्यांचं. वारा पडला की निघतो.

दुपार कलली
वारा पडत नाही. फोन बाईंच्या पिशवीत दिलाय, वजन कमी म्हणजे स्पीड जास्त.
विटा रचणाऱ्या मावशींना विचारलं, तीन सायकलवाले परत येताना दिसले का? म्हणाल्या, परत कशाला येतील, बरी दिसत होती माणसं.
एक टेम्पो येऊन थांबलाय. पुढे भलामोठा झाडू बांधलेला. लग्नाच्या गाडीला फुलं लावतात तसा राइडच्या गाडीला झाडू लावत असावेत. ड्रायव्हर भला माणूस. म्हणाला, बाळा, तुझ्या मागे आता कोणी नाही, फक्त मी. खास माझ्यासाठी गाडी. म्हणाला, बसतोस का? मी विचारलं, आत आडोसा आहे? म्हणाला, चारी बाजूंनी.
बसलो. सायकलही त्यानेच चढवली. शर्टावरचा माझा नंबर काढून घेतला, आठवण म्हणून असेल.

संध्याकाळ
तिघे गेटच्या बाहेर सायकली धरून उभे होते. केव्हाच पोचलेले. माझी वाट बघत थांबलेले, चौघांनी एकत्र जायचं ना. गेट अजून उघडं होतं. म्हटलं, चला, वेळेत आलो.
सायकल उतरवायला लागलो तर गेटवरचा माणूस म्हणाला, झाडूत बसलेला बाद. कंपाउंडरने अर्थ सांगितला: मागे जे उरतं ते गोळा करत येणारी गाडी. या वेळी त्याने विनोद केला नाही.
मी म्हटलं, मी सांगितल्याप्रमाणे आडोशालाच होतो. दाजींनी विचारलं, कुठल्या? भिंतीच्या, म्हटलं. दाजींनी सायकल भिंतीला टेकवली आणि खाली बसले.
मग बाईंनी सांगितलं. वर्गात सांगत असतील तसं, सावकाश, ओठ नीट दाखवून. आडोसा म्हणजे पुढच्या माणसाचा. त्याने वारा अंगावर घ्यायचा, बाकीच्यांनी त्याच्या पाठीला चिकटून चालवायची. दाजी दुपारभर एकटे वारा झेलत होते. त्यांना वाटलं, आपल्यामागच्या तिघांत तूही आहेस.
मी म्हटलं, मग नीट सांगायला हवं होतं. आत पोचलेल्या टीमची नावं पुकारत होते. मग गेट लागलं.

२३ फेब्रुवारी, सोमवार
पाय दुखतात, म्हणजे मेहनत झालेली आहे. चूक बघायला गेलं तर भाषेची. एका शब्दाचे दोन अर्थ ठेवायचेच कशाला?
बाईंचा फोन आला होता. वर्ग आहे तसा चालवू, ओठांवर, असं म्हणाल्या. पुढच्या वर्षी बघू. ताईने बरं म्हटलं आणि फोन ठेवला. दाजी कामावर गेले नाहीत, खुर्चीत बसून आहेत.
भाची दुपारी शाळेतून आली. काल ती ताईचा हात धरून गेटशी उभी होती. तिने तिघांना बाहेर अडकलेलं पाहिलं आणि मला मोठ्या गाडीतून, उंचावरून येताना पाहिलं. आल्या आल्या हातांनी मला विचारलं, मामा, तू पहिला आलास ना?
दाजींनी मान वर केली. ताई स्वयंपाकघराच्या दारात.
मी मान हलवली. हो.
तिने टाळ्या वाजवल्या. किती जोरात वाजवतेय हे तिला कळत नाही. बराच वेळ वाजवत होती.