मुठीतला गाळ

बाबा, आज मी दुसऱ्यांदा नापास झाले आणि त्याला कारण तुम्ही आहात. आधीच सांगून टाकते, कारण आडवळणाचं बोलणं तुम्हाला कधी आवडलं नाही आणि मलाही जमत नाही. तुम्ही जाऊन सव्वीस वर्षं झाली. मी चोपन्न वर्षांची आहे, अकोल्यात मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवते, आणि या वयात पाठीला हवेचं सिलिंडर बांधून पाण्याखालच्या भुयारात शिरायला शिकते आहे. शिकते आहे म्हणजे शिकायचा प्रयत्न करते आहे. जमत नाही. आयुष्यात एवढा राग मला कशाचा आला नव्हता.

कशासाठी हे सगळं, ते ऐका. हिवरखेडच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी एक जुनी पायविहीर आहे. तिच्या तळाजवळच्या भिंतीत दाराएवढं तोंड आहे आणि तिथून एक भुयार उतरत उतरत डोंगराकडे जातं. एरवी ते इतकं खोल बुडालेलं असतं की ते आहे हेही कुणाच्या ध्यानात येत नाही. तीन वर्षांपूर्वी पाऊस आला आला म्हणता गेला. शिवारातल्या विहिरी आटल्या. ज्यांची ऐपत होती त्यांनी विहिरीत आडवे बोअर मारले, बाकीच्यांच्या बाया हंडे घेऊन या पायविहिरीच्या शेवटच्या पायरीपर्यंत उतरू लागल्या. पाणी खाली जात जात भुयाराच्या तोंडाशी आलं होतं. आमच्या शाळेतली एक मुलगी, माझ्या खो-खोच्या संघातली, उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी गेलेली होती. हंडा बुडवताना तिचा पाय सरकला आणि ती त्या उतारावरून आत गेली.

निरोप मिळाला तशी मी एस.टी.नं गेले. अकोल्याचं एक पथक आहे, नदी-विहिरीत बुडालेल्यांना काढणारं. ती माणसं आधीच पोचली होती. श्वास धरून बुड्या मारत होती, चार हात आत जात होती आणि परत येत होती. मीसुद्धा साडीचा काचा मारून बुडी मारली. भुयाराच्या दगडी चौकटीला हात लागला, आत नुसता काळोख. मागे फिरले. साधनं असलेली माणसं बाहेरून येऊन तिला काढायला दोन दिवस लागले. ते दोन दिवस तिची आई पायरीवर बसून होती. रडत नव्हती. मला एकदाच तिनं विचारलं, "बाई, तुमाले पोहता येते नं?"

येतं, असं मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

त्यानंतर पथकानं कुठून कुठून साधनं जमवली आणि शिकवायला एक माणूस गाठला. नौदलात पाणबुड्या होते, निवृत्त होऊन बार्शीटाकळीला घरी आले आहेत. आम्ही सगळे त्यांना उस्ताद म्हणतो. मी नाव द्यायला गेले तेव्हा त्यांनी माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, "पोहायला कुठं शिकल्या?" म्हणून विचारलं. वलगावच्या विहिरीत, मी जरा तोऱ्यातच सांगितलं. ते हसले. "मंग पहिले ते विसरा. विहीरवाल्याले शिकवनं लई कठीन." तेव्हा मला ते बोलणं उर्मट वाटलं होतं.

ते खरं बोलत होते. तुम्ही शिकवलेलं सगळं तिथं उलटं आहे. तुम्ही सांगत होतात, छाती भरून घे आणि धरून ठेव. इथं पहिला नियम, श्वास धरायचा नाही; धरून वर आलात तर छाती फुटेल. पालिकेच्या तलावात महिनाभर मी श्वास धरत होते आणि उस्ताद माझ्या खांद्यावर टिचकी मारत होते. तुम्ही म्हणत होतात, जोरात पाय मार. इथं बेडकासारखे, हळू, गाळ न ढवळता. हवेचे तीन हिस्से करायचे, एक जायला, एक यायला, आणि तिसऱ्याला हात लावायचा नाही. "ओ तिसरा आपला नाई," उस्ताद म्हणतात, "अल्लाचा हाय. लागला तं तोच देईन." परतीची वाट दाखवणारी दोरी अंगठा आणि बोटाच्या कड्यात ठेवायची, सोडायची नाही. हे सगळं मी शिकले. घासून घासून शिकले. एक नियम मात्र मोडतेच आहे. तळाला हात लावायचा नाही.

आता तुम्हाला कळलं असेल मी कशावर चिडले आहे.

वलगावच्या बाहेरची ती मळ्यातली विहीर. लहानपणी तुम्हाला तिच्या काठावर चढायची बंदी होती. वरून कुणी ओंजळीत ओतलं तर प्यायचं, नाहीतर चालू लागायचं. नागपूरहून दीक्षा घेऊन आलात त्याच महिन्यात तुम्ही पहिल्यांदा तिच्यात उडी टाकली. मालकानं काय म्हटलं ते तुम्ही कधी सांगितलं नाही. मी नऊ वर्षांची होते तेव्हा पाठीला वाळका भोपळा बांधून तुम्ही मला तिथंच उतरवलंत. महिन्याभरानं भोपळा सोडला आणि मग तुमची परीक्षा. तळाला जायचं आणि मूठभर गाळ वर आणून दाखवायचा. मी अजून ऐकते तुम्हाला. धोतर खोचून काठावर उभे आहात, हाताची घडी घातलेली.

"काहून थांबली? जाय खाली. रिकामी मूठ घेऊन येशीन तं मी म्हनीन, पोरगी पानी पिऊन आली. पानी प्याले नाई आलो आपन इथं. तळ पाहाले आलो."

पहिले दोन दिवस मी रिकाम्या मुठीनं आले. तुम्ही रागावला नाहीत. घरापर्यंत माझ्या पुढे चालत गेलात. तिसऱ्या दिवशी मी मूठ उघडली. तुम्ही गाळ बोटानं चोळून पाहिलात, नाकाशी नेलात. मग तुमच्या चौकीदारीच्या नोकरीतली ती पितळी शिट्टी गळ्यातून काढून माझ्या गळ्यात घातलीत. गाळ वाटीत घालून स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवलात आणि येईल त्याला दाखवत सुटलात, "मायी पोरगी तळ घेऊन आली." शेवटी आई वैतागली. "तळ हाय का सोनं हाय? मायी वाटी मोकळी करा." आणि तिनं तो गाळ मातीत कालवून चूल सारवून टाकली. त्या चुलीवरच्या भाकरी आपण किती दिवस खाल्ल्या.

तीच शिट्टी मी आजही शाळेत वाजवते.

आणि आज सकाळी त्या पायविहिरीत काय झालं ते सांगते. भुयारात चाळीस हात जायचं, शेवटच्या भिंतीपाशी वळायचं, परत यायचं. पुढे उस्ताद, मध्ये मी, माझ्यामागे पथकातला एक ऑटोवाला. शेवटच्या भिंतीजवळ पोचेपर्यंत सगळं नीट झालं. मग माझा उजवा हात खाली गेला. मी नेला नाही, गेला. मूठ भरली. दूध उतू जावं तसा गाळ वर आला आणि पुढच्या क्षणी दिवा डोळ्यांशी धरला तरी दिसेना. मागचा ऑटोवाला माझ्या पायाला धडकला, त्याच्या हातून दोरी सुटली. उस्तादांनी अंधारात चाचपून त्याचं मनगट धरलं आणि दोघांना दोरीवरून बाहेर आणलं.

बाहेर येऊन पायरीवर बसलो. ऑटोवाला खोकत होता. मग म्हणाला, "बाई, दोन पोरी हायेत माह्या घरी. पुढच्या बारी सांगून तं मारा." तो हसला आणि पुन्हा खोकला.

"हात आपोआप गेला," मी उस्तादांना म्हणाले.

"आपोआप तं मानूस मरते बी म्याडम." मग माझ्या मुठीकडे पाहून, "एक सांगा. दर बारी उजवाच हात जाते. खाली काय ठेवलं हाय तुमचं?"

मी उत्तर दिलं नाही. शाळेतल्या मुली सांगतील, मला प्रश्न विचारला आणि उत्तर आलं नाही असं होत नाही.

"परवा शेवटची बारी," ते म्हणाले. "गाळ उठला तं तुमी वरच. पायरीवर बसून दोर सांभाळा. ते काम बी लागतेच."

लागतं, मला माहीत आहे. पण त्या पायरीवर मी बसू शकत नाही. तिथं कोण बसलं होतं ते मी पाहिलं आहे. आणि ज्याला तळ ढवळल्याशिवाय राहवत नाही त्याला आत सोडू नये हेही मला कळतं. माझ्याच संघातल्या मुलीनं दोनदा हा फाऊल केला असता तर मी तिला बाहेर काढलं असतं.

एवढं सगळं तुमच्यावर ढकलून झालं. एस.टी.त सुरुवात केली होती, आता स्टाफरूममध्ये बसून संपवते आहे. मधली सुट्टी संपत आली. हे कागद हजेरीच्या जुन्या वहीत राहतील. परवा मी दिवा उजव्या हातात धरणार आहे. एवढ्यानं हात थांबेल असं मला वाटत नाही, म्हणून उस्तादांना द्यायचं होतं ते उत्तर तुम्हाला देते.

तिसऱ्या दिवशीही मी तळाला गेले नव्हते. अर्ध्यावर भिंतीत एक कपार होती. माझे कान ठणकत होते, खाली काळं दिसत होतं, आणि मला भीती वाटली. कपारीतला गाळ मुठीत घेतला आणि वर आले. त्या विहिरीचा तळ मी कधीच पाहिला नाही.

पुढे कॉलेजात असताना ती विहीर उपसली, तेव्हा काठावर काढून टाकलेला गाळ पाहिला. तळाचा गाळ काळा असतो. मी आणलेला हिरवट होता, बाबा. तुम्ही तर तो बोटानं चोळून पाहिला होता.