दोन थेंब आणि गाळ्यातला पंखा

४ नोव्हें., मंगळ.
आईचा खोकला जात नाही. केबिन रोडमागच्या गाळ्यात तिने दिवसभर खोट्या दागिन्यांच्या साखळ्या लॅकरमध्ये, म्हणजे चकाकीच्या रोगणात, बुडवायच्या. थिनरचा वास घरी केसांतून येतो. तिथल्या बायका शेठकडे कधीपासून हवा बाहेर फेकणारा पंखा मागतायत. आज मोबाईलवर एक शोधनिबंध सापडला: कलौंजीचं तेल रसायनांच्या वाफेपासून फुप्फुसं वाचवतं. अर्धाच वाचला. आईला ठामपणे सांगून मोकळी, "रोज तेल घे."

९, रवि.
आईने गाळ्यात सगळ्यांना सांगितलंय. "माझी पोरगी बी.एस्सी. झालीय, उगाच नाही बोलणार." आईबरोबर गाळ्यात काम करणाऱ्या लतामावशीने आमच्या जिन्यात गाठून विचारलं, किती थेंब? म्हटलं, दोन. हे दोन मी कुठून आणले?

१३, गुरु.
'घे' म्हणजे पोटात, असं मला म्हणायचं होतं. आई नाकात घालतेय, गावी आजी घालायची तसं. बाकीच्याही. आई खूश: "आता वास येतच नाही गं." लतामावशीने तोंडावरचा रुमालही सोडला. वास कळत नाही, पण थिनर तर छातीत जातोच...
निबंध शेवटपर्यंत वाचला. प्रयोग उंदरांवर. माणूस एकही नाही.

१७, सोम.
आईचा विसरलेला डबा द्यायला गेले. शेठने पंख्यासाठी भिंतीत भोक तेवढं पाडलं होतं, त्यालाही आता पुठ्ठा लावलाय. खाली स्टुलावर तेलाची मोठी बाटली. शेठने आणली. मला बघून म्हणाला, "अब पंखे का क्या काम? इलाज तो आपने ही बताया, मॅडम." आत आई खोकत होती. तिथेच बोलायला हवं होतं. मी हसले.

१९, बुध.
आईला सांगितलं, माझं चुकलं. ती भाकरी थापत होती. "उंदरांना लागू पडलं ना? मग?" भाकरी उलटून झाल्यावर: "गाळ्यात नको बोलूस. मी तिथे काय तोंड दाखवू?"

२०, गुरु.
जेवणाच्या सुट्टीत गेले. सगळ्यांसमोर सांगितलं: अर्धं वाचून बोलले, तेल नाकात घालू नका, रुमाल सोडू नका, पंखा मागा. मग लतामावशी: "आमचं मागून झालंय. आता तूच माग. मॅडम तुला म्हणतो तो."
आईने मान वर न करता डबा बंद केला.
शेठ आज चारला येणार आहे. मी गाळ्याच्या जिन्यात त्याची वाट बघत बसलेय. पावणेचार झाले. आत कुणीतरी बाटलीचं झाकण फिरवतंय. लावतायत की उघडतायत, इथून कळत नाही.