हृदय का बंद पडलं?

परभणी, मंगळवार, जानेवारी १९५७

आज पुन्हा तेच. झरी गावच्या म्हाताऱ्याच्या मृत्यूच्या कागदावर डॉक्टरसाहेबांनी 'हृदय बंद पडले' एवढंच लिहून ठेवलं. निजामी अमलात 'दिल की हरकत बंद' लिहिलं की भागायचं. आता मुंबईचा हुकूम आहे: हृदय मरणाऱ्या प्रत्येकाचंच बंद पडतं, ते कशानं पडलं ते शोधा आणि कारणांच्या यादीतला आकडा घाला. शोधणार कोण? मी, कारकून!

म्हाताऱ्याची बायको दवाखान्याच्या व्हरांड्यात बसली होती. विचारलं, "बाई, आधी काही दुखत होतं का त्यांना?"

"न्हाई ओ साहेब. जेवायला बसले, अर्धी भाकर खाल्ली, अर्धी झाकून ठेव म्हणले, आन् तिथंच कलंडले."

सगळी यादी चाळली. अर्ध्या भाकरीवरून कुठला आकडा घालू? शेवटी 'कारण अज्ञात'चा घातला.

मी निघताना तिनं हाक मारली. वाटलं, दाखला मागणार.

"साहेब, ती अर्धी भाकर घरी तशीच झाकलेली हाय. आता काय करू तिचं?"

तसाच घरी आलो. लय थकलोय.

बायको जेवायला हाक मारतेय. 'झाकून ठेव' म्हणणार होतो. नको. उठतोच.