नटवीचा आरसा

सोमवार, १४ ऑक्टोबर

प्रिय ताई,

नमस्कार. तू, भावजी, पोरं, सगळे मजेत असाल. मीही ठीक. अक्षर मोठं झालंय आणि ओळी उतरणीला लागल्यात, तेवढ्यावरून हसू नकोस.

शिवणाच्या दुकानात दिवाळीच्या कपड्यांची घाई आहे. मास्तर दिवसभर डोक्यावर बसलेले असतात, मी अजून काजाबटणांवरच. बाकीच्या बायका मला 'नटवी' म्हणतात, हे तुला सांगितलं होतं का?

त्याचं असं झालं. कुष्ठरोग बरा होऊन मला वीस वर्षं झाली, पण डोळ्यांच्या नसा तेव्हा गेल्या त्या गेल्याच. डोळा पुरता मिटत नाही, आणि आत काही गेलं तर कळत नाही. म्हणून इस्पितळातून निघताना बजावलं होतं, की दिवसातून दोन-चारदा आरशात डोळे बघायचे. लाल दिसला, कचरा दिसला, की तडक यायचं. मी आपली ट्रायल रूमच्या आरशापाशी सारखी जायचे. "आली बाई नटवी! कुणासाठी गं एवढं?" म्हणून सगळ्या खिदळायच्या. खरं सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी माझा चहाचा कप वेगळा झाला असता. मग मीही हसले, आणि आरसा सोडला.

बुधवार

पुढचं लिहायचं दोन दिवस टाळलं. आता लिहिते.

दीड महिन्यापूर्वी जेवायला बसताना मास्तर माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "अगं, डोळ्यात दोरा आहे तुझ्या." चांगला बोटभर दोरा, बुबुळाला चिकटलेला. सकाळपासून असेल, मला पत्ता नाही! मी तो काढला, "असू दे हो, दुखत नाही," म्हटलं आणि डबा उघडला.

दुखत नाही म्हणून मी गप्प बसले, ताई. डोळा लाल झाला, तो मी जागरणावर ढकलला. चिकटायला लागला, तर कोमट पाण्याने पुसला. बुबुळावर पांढरा ठिपका आला, तेव्हा कुठे मास्तरांनी ओढत इस्पितळात नेलं. वीस वर्षांपूर्वी ज्यांनी बजावलं तेच डोक्याला हात लावून बसले.

उजवा डोळा गेला. लिहून टाकलं एकदाचं. त्या बाजूने खिडकी कुठे आहे तेवढं कळतं.

डावाही नीट मिटत नाही, आणि नजर अंधुक झालीय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ह्या पापणीचं ऑपरेशन करू, मिटायला लागेल. पण नंतर रोज कुणीतरी समोर बसून डोळ्यात नीट बघायला हवं. बारीक कचरा तुम्हाला आरशात दिसायचा नाही. घरचं कोण आहे?"

मी म्हटलं, बहीण आहे. सख्खी. तोंडातून निघूनच गेलं.

तुझ्या सासरी मी लांबची मावसबहीण आहे, ठाऊक आहे मला. तुझं लग्न ठरताना तसं सांगायला मीच हो म्हटलं होतं, तुला दोष देत नाही. छे, खोटं कशाला बोलू, थोडा देते. तू एकदा तरी 'नको' म्हणशील असं वाटलं होतं. पण मावसबहिणीसाठी कुणी महिनाभर येऊन राहत नाही. भावजींना खरं सांगावं लागेल तुला. माझ्यापासून कुणाला काही होत नाही, असा डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेला कागद सोबत जोडलाय. तो त्यांना दाखव.

मला भीती वाटते गं. सुई हातात घेतली की हाही गेला तर काय, एवढंच मनात येतं. सकाळी जाग आली की आधी खिडकी शोधते, मग उठते.

लहानपणी आपण डोळ्याला डोळा लावून बसायचो, आठवतं? जिची पापणी लवेल ती हरली. दर वेळी मीच हरायचे आणि आईकडे तक्रार घेऊन जायचे. आज बसलीस तर तुझी काही खैर नाही, माझी पापणीच लवत नाही. पण मला नाही गं जिंकायचं. पाच नोव्हेंबरला ऑपरेशन आहे. त्यानंतर रोज समोर बस, आणि पहिल्यासारखी हरव मला.

येणार नसशील तरी उत्तर लिही. मोठ्या अक्षरात लिही, मला ते स्वतः वाचायचंय.

तुझी सख्खी,
धाकटी