उसना कूलर

ढोकीचा फड,
२ डिसेंबर २०२४

ती. तुळजावन्सं यांस निकिताचा सा. न. वि. वि.

फोन लावला की साऱ्या टोळीचे कान इकडंच, म्हणून शंभू ड्रायव्हरच्या हाती ही चिठ्ठी. माझ्या आरोहीच्या बालसंगोपनाचं काय झालं? बाप नसलेल्या लेकराला सरकार दर महिन्याला पैसे देतं, त्यासाठी घर बघायला मॅडम येणार होत्या ना? पैसे सुरू झाले तर पोर तुमच्यापाशी राहून सातवी करंल. न्हायतर मुकादम मागं लागलाय, पोरीला आणा, मोळ्या बांधंल म्हणून. तुमच्या एकटीच्या खुरपणीवर दोघींचं भागत न्हाय, हे मला ठाऊक हाय. जिवाला नुसता घोर लागलाय. कोयता हातात असतो अन् ध्यान तिकडं.

चहात साखर कमी घाला. आमी ऊस तोडून मरतो अन् तुमी शुगर वाढवता!

माया पातळ होऊ देऊ नका.
तुमची निकिता

परंडा,
६ डिसेंबर

चि. निकितास तुळजाचे पोटभर आशीर्वाद.

मॅडम काल येऊन गेल्या. मी काय कमी पडू देते व्हय? शेजारच्या गजराबाईच्या दोन खुर्च्या आणल्या, पितळी घागर आणली, तिच्या सुनेचा कूलर बी आणला. थंडीत कूलर कशाला, असं गजराबाई म्हणाली. पण घर कसं भरल्यावानी दिसलं! तिचीच बोरमाळ गळ्यात घातली. काजू घालून शिरा केला, तो मॅडमनी दोनदा मागून खाल्ला. तुझ्या नवऱ्याचं घर म्हणून कुणी नावं ठेवायला नको. काम झालंच समज.

जिवाला जप.
तुळजा

ढोकीचा फड,
१० डिसेंबर

ती. वन्सं यांस सा. न.

लहान तोंडी मोठा घास घेते, पण अहो, हे काय केलंत! त्या गरिबी बघायला आल्या होत्या, सोयरीक बघायला न्हाय. आरोहीच्या भागवत सरांचा फोन आला. घर सुस्थितीत, मदतीची गरज नाही, असा अहवाल गेलाय. शुक्रवारी धाराशिवला बालकल्याण समितीपुढं हाय, तिथं अर्ज पडणारच. ही चिठ्ठी आजच दुसऱ्या गाडीवाल्याच्या हाती धाडते, रविवारी शंभू गावाकडं येतोय. आरोहीचे कपडे बांधून ठेवा. मला लई राग आलाय, अन् तुमच्यावर राग धरवत बी न्हाय.

निकिता

परंडा,
१४ डिसेंबर

चि. निकितास आशीर्वाद.

कपडे बांधले न्हाईत. शुक्रवारी सकाळच्या एस.टी.नं मी, गजराबाई अन् आरोही धाराशिवला गेलो. साहेब, मॅडम, बाहेरची माणसं, सगळे ऐकत होते. कूलर उसना, खुर्च्या उसन्या, माळ उसनी, शिऱ्याचे काजू बी गजराबाईचेच, असं म्या उभ्यानं सांगितलं. घरात सांजच्याला कधी कधी एकच भाकर असते, ती पोरीला देते अन् माझा उपास हाय म्हणते, हे बी सांगितलं. मेल्याहून मेल्यागत झालं बघ. मॅडमचे डोळे भरले. अहवाल दुरुस्त झाला, पैसे मंजूर झाले. शंभूला रिकामा धाडते.

येताना बार्शी गेल्यावर आरोहीनं विचारलं, आत्या, आपण खरंच गरीब हाव का म्हणून. इतकी वर्षं म्या तिला कळू दिलं नव्हतं, निकिता. मी व्हय म्हणाले.

आता तू ये लवकर.
तुझी तुळजावन्सं