माझ्याच हाताने रोवलेला खुंटा

ती. हिरासिंगमामा यांना भावसिंगचा पाय धरून राम राम.

इकडे माझी पाठ सोडून बाकी सगळे खुशाल आहेत. तुमच्या गुडघ्याला आणि मामीच्या खोकल्याला उतार पडला असेल, अशी आशा आहे. (फोनच केला असता, पण आमच्या घरात फोनवर बोललेलं म्हशीलासुद्धा ऐकू जातं.)

संगितावहिनीच्या रुद्रची ही पहिलीच होळी, म्हणून त्याचा धुंड झाला. तुम्ही तरुणपणी असे तीन खुंटे उपटले म्हणून आई अजून सांगते. रीत आजही तीच आहे. लापशीचं भांडं खुंट्याला बांधायचं, बायांनी काठ्या घेऊन ते राखायचं आणि बिनलग्नाच्या गड्याने मार खात खुंटा उपटून भांडं पळवायचं. मागच्या वर्षी खुंटा एका हिसक्यात निघाला आणि पोटभर मारायला मिळालं नाही म्हणून बाया रुसल्या. त्यामुळे तांड्याच्या नायकांनी यंदा रोवायचं काम माझ्याकडे दिलं. मी दोन फूट खड्डा खणला, दगड ठासले, गवंड्याचा ओळंबा लावला आणि न्हाणीघराचं उरलेलं अर्धं घमेलं सिमेंट ओतून वर माती पसरली. (तीन दिवस सकाळ-संध्याकाळ पाणीही मारलं.)

धुंडाच्या दिवशी नायक म्हणाले, "भावसिंग, औंदा खुंटा तूच उपटायचा. कुरुंद्याच्या पारुबाई आल्यात, जावई मर्द हाय का न्हाई ते बघायला."

मामा, या पारुबाईंच्या शिलाशी माझं जमत आलं आहे. (मी तिला दोनदा पाहिलं आहे. दोन्ही वेळा माझ्या हातून पाणी सांडलं.) आता सिमेंटचं सांगावं तर नायक ओरडणार, न सांगावं तर शिला जाणार. मी खुंट्याला मिठी मारली. मला रोज चहा देणाऱ्या संगितावहिनीनेच पहिली काठी घातली. "काहून रे, लग्न करायचं न्हाई का?" असं विचारून दुसरीही घातली. खुंटा तसूभर हलला नाही. शेवटी बायाच दमून खाली बसल्या, तरी माझी मिठी सुटली नव्हती, कारण हात आखडले होते.

पारुबाईंनी येऊन खुंट्याला लाथ मारून पाहिली. "कोनं रोवला?"

"म्या. खाली सिमेंट हाय."

"पानी किती दिस मारलं?"

"तीन."

त्यांनी हातातली काठी टाकून दिली. "उपटणारे लय पाहिले. आमच्या पडवीचे खांब समदे हालून राहिलेत. पोरगं पसंत हाय."

लग्न वैशाखात आहे. मामीला नमस्कार.

तुमचा भाचा,
भावसिंग

ता. क. लग्नात नवऱ्याच्या दंडावर तापलेल्या सुईचे डाग देतात, त्याबद्दल हे पत्र लिहिलं. तुम्ही दोन दिवस आधी या, सुई तापवायचं काम मागून घ्या आणि ती जरा कोमटच ठेवा.

ता. क. २. पाकीट चिकटवता चिकटवता कळलं की सुई पारुबाई स्वतः तापवणार आहेत. तरी या. माझा दुसरा हात धरायला कोणीतरी लागेल.