११४ नंबरच्या क्वार्टरचा दसरा

३ ऑगस्ट, रविवार
किटचा डबा शेवटी उघडला. ज्योतीनं पुण्याहून पाठवून महिना झाला. बापाचं मन रमावं म्हणून. परदेशी माल, 'रेल्वे कामगाराचं घर', खऱ्याच्या सत्त्याऐंशीवा भाग. डब्यात घर कुठलं, नुसत्या काड्या, पातळ फळ्या, नखाएवढ्या खिडक्या आणि वीस पानं इंग्रजी. जन्मभर रेल्वेत सुतारकी केली, पण फळी चिमट्यानं उचलायची ही पहिलीच वेळ. शांता पलंगावरून म्हणाली, "म्हातारपणी भातुकली मांडली व्हय?" किमोनंतर चार दिवसांनी आज हसली.

५ ऑगस्ट
शांताचं परत तेच. "किमोच्या बारीला रेल्वेनंच जाऊ नांदेडला. वाटंत पूर्णेला खिडकीतून आपलं जुनं क्वार्टर दिसंल. जमलं तर उतरू घटकाभर."
म्हणालो, डॉक्टर रेल्वे नको म्हणतात, गर्दी असते. डॉक्टर असं काही बोलले नाहीत.
११४ नंबर पाडून दोन वर्षं होतील. जुनी ओळच गेली. पेन्शनच्या कामाला गेलो तेव्हा पाहिलं, खडीचे ढीग आणि बाभळी. घरी येऊन सांगणार होतो, राहिलं. मग तिच्या पोटातली गाठ निघाली. आता कुठल्या तोंडानं…

१० ऑगस्ट, रविवार
ठरलं. परदेशी घर करायचं नाही. याच सामानातून ११४ करायचं. तिला नेता येत नाही तर घर तिच्याकडे आणू.
त्यांचं घर फळ्यांचं, आपलं विटांचं. फळ्यांवर पीओपीचा पातळ थर दिला, ओला असतानाच सुईनं विटांच्या रेघा. मापं तोंडपाठ. दार साडेसहा फूट, मीच बसवलेलं. इथं तेवीस मिलिमीटर. छपराच्या पत्र्यांना शांताच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं. त्यांची चांदी सोलून कंगव्यावर दाबली की नाल्या उमटतात. पाकिटांना तोटा नाही.

१८ ऑगस्ट
नांदेड. मोटार केली, वसमतच्या रस्त्यानं. येताना तीनदा उलटी. रस्त्याला खड्डे. रेल्वेत आडवी होऊन आली असती. माझ्या खोट्यापायी तिचे हाल. सारखं तेच मनात.

२४ ऑगस्ट
आता घर जुनं करायचं. ज्योती फोनवर वाचून सांगते. नवं घर खोटं दिसतं म्हणे, त्याला ऊन-पाऊस लावावा लागतो. स्पिरिटमध्ये काळी शाई मिसळून भिंतींवर हात फिरवला. खिळे सिरक्यात भिजवून गंजाचं पाणी केलं, ते पत्र्यावर. पायाशी ओल, स्वयंपाकघराच्या खिडकीवर धुराचा काळा पट्टा. पाडायच्या आधी एकदा रिकामं पडलेलं पाहिलं होतं, हुबेहूब तसं झालं. स्वतःच चाट पडलो.

५ सप्टेंबर
पाटावर ठेवून पलंगाशी नेलं. कौतुकाची आशा होती, खोटं कशाला बोलू.
लय वेळ बघत राहिली. "कुणाचं घर हे?"
"आपलं. एकशेचौदा."
"असं घाण? माझं घर असं कवा होतं?"
मग हळूच म्हणाली, "पाडलं न्हवं?"
मी मान डोलावली.
"आसतं तर दाखवाया नेलं आसतं, करत बसला नसता. आन् तुमी! हितल्या पिंगळीला लग्नाला जायचं तरी रेल्वेचा पास धुंडाळणारा माणूस. तुमी मोटार केली, तवाच समजलं मला. लपवायलाव कशापायी? मी आता मरायलेय म्हणून…"
रडली. मीही रडलो, तिच्या देखत. खिळा हातात शिरला तरी हूं की चूं न करणारा मी.

१२ सप्टेंबर
पितरपाट चालू. गल्लीभर दसरा काढणं सुरू, घरं झाडून चुना देणं, दोऱ्यांवर धुतलेल्या गोधड्या, अंगणात घासायची पितळेची भांडी. शांताला अंथरुणातून उठवत नाही. सकाळपासून चिडचिड. दुपारी पाटावरच्या घराकडं बोट केलं. "घट बसायच्या आत ह्येचा दसरा काढायचा. चुना कालवा."
म्हणालो, किती खपून जुनं केलंय गं ते.
"तर? एकोणीस वर्सं ऱ्हायले त्या घरात. एक वरीस बिनदसऱ्याचं गेलं न्हाई."
चुना तीनदा मलमलीतून गाळला, नाहीतर या मापाला त्याचा कण म्हणजे धोंडा. निळीची चिमूट टाकायला तिनंच सांगितलं. किमोनं बोटं बधिर झालीत, कुंचला सुटून पडतो. शेवटी कान साफ करायची कापसाची काडी दिली. ती जमली.

१६ सप्टेंबर
समोरची भिंत झाली. एक तास लागला. पावसाळी हवा, चुना वाळेना, तर फुंकर घालत बसली.
खिडकीवरचा काळा पट्टा आधी झाकला. म्हणाली, धूर तिथून जातच नव्हता, मागल्या दारानं जायचा. मला ठाऊक नव्हतं. दिवसभर मी लाइनवर. मग विचारलं, "आन् देवळी कुठाय?" दाराच्या उजव्या हाताला भिंतीत दिव्याची देवळी होती म्हणे, रोज तिन्हीसांजेला तिथं दिवा लावायची. मी दाराचं माप मिलिमीटरात सांगतो आणि दिवा कुठं होता ते आठवत नाही. लाज वाटली. पात्यानं कोरून दिली.

१९ सप्टेंबर
डावीकडची भिंत. शाई चुन्यातून परत वर येते, दोन हात द्यावे लागले. माझीच करणी, तिला निस्तरावी लागते. काडी सुटली, चुना पत्र्यावर उडाला. मी पुसायला गेलो तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. खऱ्या घरावर उडत न्हवता का?" संध्याकाळी दोन घास वरणभात खाल्ला.

२१ सप्टेंबर, रविवार
उद्या घट. सकाळी उजवी भिंत झाली. मागची तेवढी राहिली. जेवून करू म्हणाली. जेवली नाही. दुपारी अंग भट्टी, श्वास लागला. अँब्युलन्सनं नांदेड. ज्योती निघालीय.

२६ सप्टेंबर
कपडे न्यायला घरी आलो. ज्योती दवाखान्यात तिच्यापाशी. डॉक्टर बघू म्हणतात, ज्योतीला बाहेर नेऊन काय बोलले ते ती मला सांगत नाही. आमच्या घराण्याची रीतच ही.
चारला शांताचा फोन आला. आवाज अगदी खोल गेलेला. "मागली भिंत झाली का?"
"झाली."
"दोन हात दिले?"
"दिले."
"बरं झालं. दसरा अर्धा ठेवू न्हाई."
झालेली नाही. सकाळपासून चुना कालवून काडी घेऊन बसलोय. हात पुढं जात नाही. ती आली की तिनंच द्यावा म्हणून ठेवलीय, असं म्हणतो खरं. पण मनातून भ्यालोय. चौथी भिंत झाली की तिचं त्या घरातलं काम संपलं.
सहाच्या गाडीनं परत जायचंय. वाटीतला चुना सुकायला लागला होता. थोडं पाणी घालून वर झाकण ठेवलं.